चेकमधला शाह

मागच्या महिन्यात माझी भाची चार दिवस राहायला आली होती. बारावी झाली, पुण्यात कॉलेज मिळालं, आणि हॉस्टेलच्या अनामत रकमेसाठी तिथल्या ऑफिसने चेकच मागितला. आजवर तिने जे काही पैसे दिले ते फोनवरून. त्यामुळे आयुष्यातला पहिला चेक लिहायला ती माझ्या शेजारी येऊन बसली. तारीख टाकली, नाव लिहिलं, अक्षरी रक्कम लिहून पुढे ‘फक्त’ लिहिलं, कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारल्या. सही करायच्या आधी पेन उचलून मला विचारलं, “आत्या, याला चेक का म्हणतात गं? यात चेक काय करायचं असतं?”

बँकेत माझी बत्तीस वर्षं गेली, त्यातली अकरा क्लिअरिंगच्या, म्हणजे बँकाबँकांतल्या चेकांच्या देवघेवीच्या, टेबलावर. अंकी आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल तर कायद्याने अक्षरी धरायची, हे मला झोपेतही सांगता येईल. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली, तेव्हा काउंटरवर लोकांना समजावून घसा बसला होता. चेक न वटल्याबद्दलचं कलम १३८ पाठ आहे. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधण्यात तीन आठवडे गेले आणि जे हाती लागलं ते इतकं सुंदर आहे की एकटीने ठेवून घ्यावंसं वाटेना.

चेक हा शब्द म्हणजे आपला बुद्धिबळातला ‘शह’. त्याच्याशी मिळताजुळता असं मी म्हणत नाही, तोच शब्द.

आपल्या चतुरंगाचं इराणमध्ये चत्रंग झालं. हिंदुस्थानच्या राजाने पट आणि सोंगट्या पाठवून ‘हा खेळ उलगडून दाखवा’ असं आव्हान दिलं आणि इराणचा बादशहा अनुशिर्वान याच्या दरबारातल्या बुजुर्गमेहर वजिराने ते उलगडलं, अशी कथा इराणी लोक जुन्या काळापासून सांगत आले आहेत. तिथे राजाच्या सोंगटीचं नाव ‘शाह’ झालं. राजावर चाल आली की समोरच्याने ‘शाह!’ असा आवाज द्यायचा. म्हणजे, तुमच्या राजाकडे बघा. इराणकडून खेळ अरबांकडे गेला, तिथे शतरंज झाला, आणि अरबांबरोबर स्पेनमार्गे युरोपात उतरला. लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडी शाहचं ‘स्कॅकस’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्रजीत येईपर्यंत पुढचा ‘ए’ गळून ‘चेक’. चेस हे खेळाचं नावही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलं. चेकमेट म्हणजे शाह मात. यातल्या मातचा अर्थ बरेच जण ‘मेला’ असा सांगतात, पण फारसीत मात म्हणजे हतबल झालेला, ज्याला आता काहीच सुचत नाही असा. बुद्धिबळात राजा मारला जात नाही, त्याचे मार्ग संपतात. ‘मात केली’ म्हणताना आपणही समोरच्याला संपवलं असं म्हणत नाही, त्याला निरुत्तर केलं असं म्हणतो. जर्मनांचं शाखमाट, रशियनांचं शाखमाती, सगळी याच घरातली. फ्रेंचांनी तर एशेकचा अर्थच ‘अपयश’ करून टाकला.

आता शाह या शब्दाच्याही मागे जाऊ. प्राचीन इराणच्या शिलालेखांत राजाला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण ‘ख्षायथिय’ असा होता. त्याच्या मुळाशी ‘सत्ता चालवणे’ असा धातू आहे आणि आपलं संस्कृत ‘क्षत्र’ त्याच मुळाचं. शाह आणि क्षत्रिय हे एका कुळातले. वर्तमानपत्रवाले प्रादेशिक पुढाऱ्यांना ‘क्षत्रप’ म्हणतात तो शब्दही इराणी साम्राज्यातल्या प्रांताधिकाऱ्याचा, याच कुळातला. ते क्षत्रप आपल्याकडे नुसते शब्दात आले नाहीत. नहपान क्षत्रपाच्या काळातले लेख नाशिकच्या लेण्यांत आजही वाचता येतात. त्याच नहपानाला गौतमीपुत्र सातकर्णीने हरवलं आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपला ठसा पुन्हा मारला. अशी नाणी १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला हजारांनी सापडली. एकाच्या राजमुद्रेवर दुसऱ्याची राजमुद्रा. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला या नाण्यांचं किती अप्रूप वाटलं असेल याची कल्पना करा.

आता मुख्य गोष्ट. खेळातला शह बँकेत कसा शिरला? मला वाटलं होतं काहीतरी दूरचं, ओढूनताणून आणलेलं नातं असेल. तसं नाही. मधे एक खरंखुरं टेबल आहे.

बाराव्या शतकातलं इंग्लंड. राजाचे महसूल वसूल करणारे अधिकारी, शेरीफ, वर्षातून दोनदा हिशोब द्यायला दरबारी येत. (मुंबईचे शेरीफ म्हणून जे मानाचं पद आपण ऐकलं आहे त्याचा उगम हाच.) त्यांचा हिशोब ज्या टेबलावर व्हायचा त्याचं वर्णन त्या काळच्या खजिनदाराने, रिचर्ड फिट्झनीलने, स्वतः लिहून ठेवलं आहे. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे वरचं काही खाली घरंगळू नये. वर काळं कापड आणि त्यावर रेघा आखून केलेले रकाने. पेनीचा रकाना वेगळा, शिलिंगचा वेगळा, मग पौंड, वीस पौंड, शेकडा, हजार. त्या रकान्यांत बिल्ले मांडायचे, सरकवायचे, उचलायचे. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं म्हणून टेबलाचं नाव स्कॅकॅरियम, फ्रेंचमध्ये एशेकिए, इंग्रजीत एक्सचेकर. आजही ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात. म्हणजे शब्दशः ‘बुद्धिबळाच्या पटाचा मंत्री’. त्यातला ‘एक्स’ नंतरच्या पंडितांनी लॅटिनच्या भरात चुकून घुसडला आणि तो तसाच राहिला.

फिट्झनीलचं लिखाण गुरुशिष्याच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य विचारतो, याला हेच नाव का? (माझ्या भाचीचाच प्रश्न, आठशे वर्षांपूर्वीचा!) गुरू आधी पटाच्या रूपाचं कारण देतो आणि मग दुसरं सांगतो. बुद्धिबळात जशी दोन राजांत लढाई होते तशी इथे दोघांत होते, एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला हिशोब द्यायला बसलेला शेरीफ. आणि बाकीचे सगळे भोवती बसून बघत असतात.

हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ गप्प बसले.

रकाने का लागत, तर रोमन आकड्यांत बेरीज करणं म्हणजे शिक्षा. शून्य अजून त्यांच्या हिशोबात रुळलेलं नव्हतं. रिकामा रकाना हेच त्यांचं शून्य. बघा कसं झालं ते: आपला खेळ आपल्या शून्याच्या आधी इंग्लंडच्या तिजोरीत पोचला, आणि शून्य नसताना त्या खेळाच्या पटानेच त्याचं काम भागवलं. याविषयी कुणी आपल्याला शाळेत का सांगितलं नाही?

त्याच एक्सचेकरात पावती म्हणून लाकडाची काठी देत. पैसे जमा झाले की काठीवर खाचा पाडायच्या. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला भरलेल्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. पैसे देणाऱ्याकडे एक अर्धी, ‘स्टॉक’. सरकारकडे दुसरी, ‘फॉइल’. वाद झाला की दोन अर्ध्या एकमेकींना लावून बघायच्या. खाचा जुळल्या, लाकडाच्या रेषा जुळल्या, तर खरं. कुणाला एखादी खाच वाढवायची म्हटली तरी दुसरी अर्धी तिकडे साक्षीला बसलेली. ही पद्धत शेकडो वर्षं चालली, अखेर १८२६ साली बंद झाली. साठलेल्या काठ्यांचं काय करायचं म्हणून १६ ऑक्टोबर १८३४ ला दोन गाड्या भरून काठ्या संसदेच्या तळघरातल्या भट्ट्यांत घातल्या. आग एवढी भडकली की दोन्ही सभागृहं जळाली. लंडनला जो संसदेचा देखणा वाडा आपण फोटोत बघतो तो त्यानंतर बांधलेला.

दरम्यान चेक शब्दाचे अर्थ पसरत चालले होते. शह लागला की खेळणाऱ्याला हातातला बेत सोडावा लागतो, म्हणून चेक म्हणजे रोखणं. रोखून तपासलं जातं, म्हणून चेक म्हणजे पडताळणं. आणि सतरावं शतक सरल्यावर पैशाच्या कागदाचा जो तुकडा पडताळणीसाठी मागे ठेवत, खाडाखोड आणि खोटेपणा पकडता यावा म्हणून, त्या मागे राहिलेल्या तुकड्यालाच ‘चेक’ म्हणू लागले. लक्षात आलं का? मूळचा चेक म्हणजे काउंटरफॉइल! काठीची दुसरी अर्धी. हळूहळू नाव मागच्या तुकड्यावरून पुढच्या कागदावर सरकलं. १८२८ च्या सुमारास गिलबार्ट नावाच्या बँकरने एक्सचेकरशी नातं दाखवणारं लांबलचक स्पेलिंग (cheque) धरलं आणि ते आपल्याकडे आलं. अमेरिकेत अजून साधं स्पेलिंगच (check) चालतं. तिकडे हॉटेलातल्या बिलालाही चेक म्हणतात. न्यू जर्सीला लेकाकडे गेले होते तेव्हा वेटरकडे त्याने चेक मागितला, तर मी पर्समधून चेकबुक काढायला लागले होते.

चौकड्यांच्या शर्टाला चेक्स म्हणतात ते पटामुळे. विमानतळावरचं चेक-इन, डॉक्टरांचं चेकअप, गाडीतला टीसी तिकीट चेक करतो ते, हे सगळे ‘पडताळण्या’चे नातेवाईक. मुलुंड आणि दहिसरला चेकनाका हे नाव आजही बसवाल्यांच्या आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे, जकात २०१७ च्या १ जुलैला गेली तरी. राज्यघटनेच्या चर्चेत चेक्स अँड बॅलन्सेस म्हणतात तिथला चेक रोखण्याचा. चेक प्रजासत्ताकाचा मात्र या घराण्याशी काही संबंध नाही, ते त्या लोकांचं स्वतःचं नाव.

पण मला सगळ्यात आवडला तो चेकडॅम. जतच्या बाजूला माझं माहेर. पावसाचं पाणी ओढ्यातून धावत निघून जायचं आणि आम्ही मार्चपासून घागरी घेऊन फिरायचो. ओढ्यावर सिमेंटचा बांध झाला तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा त्याला चेकडॅमच म्हणायला लागली. ‘चेकडॅमला पाणी हाय का?’ हा वाक्प्रचार होऊन बसला. धावत्या पाण्याला शह. थांब, इथे मुरून जा, मग पुढे जा. इराणच्या दरबारात ‘शाह!’ म्हणून दिलेली ती हाक जतच्या कोरड्या ओढ्यात पाणी अडवते आहे, हे मला कळलं तेव्हा डोळे भरून आले. यात मी काही वाढवून सांगत नाही.

शोधताना एके ठिकाणी मोह पडला होता, तोही सांगते. आपल्याकडे चेकच्या आधी हुंड्या होत्या, म्हणजे अमुक रक्कम द्यावी अशा पेढीवर लिहिलेल्या चिठ्ठ्या. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी, आणि एक ‘शाहजोग’ हुंडी. मी नाचलेच! शाह इथेही! पण नाही. हा शाह राजा नव्हे, हा पेढीवरचा प्रतिष्ठित व्यापारी. साधू, साहू, साव, सावकार या माळेतला. शाहजोग म्हणजे पत असलेल्या माणसाच्या हातीच पैसे द्यावेत अशी हुंडी. आवाज तोच, कूळ वेगळं. शब्दांच्या बाबतीत हे पथ्य पाळलंच पाहिजे. दिसायला सारखे म्हणून सोयरिक जुळवायची नाही. व्हॉट्सॲपवर ‘अमुक इंग्रजी शब्द मूळचा संस्कृतच’ असे जे मेसेज फिरतात ते बहुतेक या आवाजाच्या सारखेपणावरच उभे असतात. त्याने आपल्या भाषेचा मान वाढत नाही. खरी नाती इतकी विलक्षण असताना खोटी कशाला हवीत?

हुंडीने मराठी बँकेला एक शब्द मात्र फार मोलाचा दिला, ‘वटणे’. हुंडी वटायची, चेकही वटतो. सरकारी मराठीत चेकला ‘धनादेश’ म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने तो अचूक आहे, कारण चेक हा बँकेला दिलेला आदेशच. पण धनादेशात तो पट नाही, ती चिरलेली काठी नाही. माझं स्पष्ट मत आहे की ‘चेक वटला’ हे दोन शब्दांचं वाक्य जितकं मराठी आहे तितकं ‘धनादेशाचे प्रदान झाले’ हे कधीच होणार नाही.

हे सगळं लिहिण्याचं आणखी एक कारण आहे.

नोकरीत असताना एक निवृत्त मास्तर आमच्याकडे पेन्शन काढायला येत. अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, हात थरथरायचा. एकदा त्यांच्या चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी अजिबात जुळेना. मी चेक बाजूला ठेवला. ते भडकले. “पंचवीस वर्षं खातं आहे माझं इथे. पोरी, तुझ्या दादाला मी शिकवलाय. माझ्यावर विश्वास नाही तुझा?” सगळा काउंटर बघत होता. मी त्यांना आत नेलं, पाणी दिलं, नवीन कार्डावर आहे तशी थरथरती सही घेतली, साहेबांची सही घेतली आणि पैसे दिले. ते काही न बोलता गेले. मला मात्र कित्येक दिवस वाईट वाटत राहिलं, की मी एका भल्या माणसाचा अपमान केला.

आपल्याकडे हे घट्ट बसलं आहे. तपासलं म्हणजे अविश्वास. हिशोब मागितला म्हणजे संशय. सोसायटीच्या सभेत एखाद्याने पावत्या दाखवा म्हटलं की खजिनदार राजीनामा टेबलावर ठेवतो. भाऊभाऊ वाटणीचा कागद करत नाहीत, ‘आपल्यात कसला कागद’ म्हणतात, आणि पुढच्या पिढीला कोर्टात नेऊन सोडतात. बत्तीस वर्षांत मी अशी घरं मोडताना काउंटरच्या अलीकडून बघितली आहेत.

या शब्दाच्या पोटात मला वेगळं काही दिसलं. घरच्या खेळात आपण शह तोंडाने देतो. स्पर्धांमध्ये आता बोलून सांगायची सक्ती नाही, पण आमच्या सांगलीत कट्ट्यावर खेळणारा माणूस ‘शह’ म्हटल्याशिवाय हात उचलणार नाही. राजावर चाल आली आहे हे समोरच्याला आधी सांगायचं. त्याच्या नकळत राजा उचलून न्यायचा नाही. त्याला थांबायची, बघायची, उत्तर द्यायची संधी द्यायची. आणि ज्याला शह बसला त्याने रुसायचं नाही. राजा हलवा, मधे सोंगटी घाला, नाहीतर शह देणारी सोंगटी मारा. तीन वाटा आहेत, त्यातली घ्या. एक्सचेकरच्या टेबलावर शेरीफ समोर बसायचा, बिल्ले त्याला दिसत, अर्धी काठी त्याच्या हातात असे. तपासणी त्याच्या पाठीमागे होत नव्हती. मास्तरांना त्या दिवशी मला हे सांगता आलं असतं. सर, ही दुसरी अर्धी काठी तुमच्यासाठीच आहे. उद्या तुमच्या नावाने दुसऱ्या कुणी सही ठोकली तर हीच काठी तुमची बाजू घेईल. तेव्हा शब्द माझ्याकडे नव्हते. आता आहेत, मास्तर नाहीत.

दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत बटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा नागपूरकरच काय, आम्ही सांगलीकरही पेढे वाटत होतो. त्या दिवसांत घरोघरी पट पुन्हा निघाले. मला वाटतं मुलांना शह द्यायला शिकवतो तसं शह घ्यायलाही शिकवावं, चेहरा न पाडता.

भाचीला हे सगळं सांगितलं, एवढं लांबवून नाही. तिने शांतपणे ऐकलं आणि चेकबुक उलटंपालटं करून विचारलं, “मग यात ती दुसरी अर्धी कुठे आहे?”

बरोबर विचारलं. बहुतेक बचत खात्यांच्या चेकबुकात आता पानागणिक काउंटरफॉइल नसतं. ज्या तुकड्याचं नाव चेक होतं तो तुकडा गेला आणि नाव दुसऱ्याकडे राहिलं. पण काठी तशी परत आली आहे. २०२१ च्या जानेवारीपासून रिझर्व्ह बँकेने पॉझिटिव्ह पे आणलं. पन्नास हजार आणि त्याच्या वरचा चेक दिला की नंबर, तारीख, नाव, रक्कम आपण बँकेला आधी कळवायची सोय. चेक समोर आला की बँक दोन्ही लावून बघते. लाकूड नाही, बाकी तेच.

तिचा चेक काही तेवढ्या रकमेचा नव्हता. चेकबुकाच्या सुरुवातीला नोंदीचं एक पान असतं, लोक ते कोरंच ठेवतात. मी ते उघडून तिच्यापुढे सरकवलं. तिने पहिल्या ओळीत तारीख लिहिली, कुणाला ते लिहिलं, रक्कम लिहिली. मग चेकवरचा नंबर बोट ठेवून एकेक आकडा वाचत उतरवला, परत एकदा जुळवून बघितला, आणि मग सही केली.